हिंदुराव चौगल्यांची पट्टी

हिंदुराव चौगल्यांची वाचा एकतीस डिसेंबरला दुसऱ्यांदा जाणार होती, आणि या खेपेला तारीख आधीच कळली होती. कळवणारी होती एक फोनची कंपनी. तिनं जगभरातल्या ॲपवाल्यांना एकच पत्र धाडलं होतं. त्यातल्या एका ॲपवर आडवळे गावचा एक माणूस बोलतो, हे तिला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं.

पत्र वाचलं त्यांच्या सुनेनं, मयूरीनं. सकाळची कामं आवरून ती माडीवर लॅपटॉप उघडून बसली होती. ॲपच्या तळाशी किंवा माथ्याशी एका जागी ठाण मांडून बसणारी मेनूची पट्टी यापुढे चालणार नाही, असं पत्रात होतं. पट्टी नव्या 'ओघ' पद्धतीची हवी. एकतीस डिसेंबरनंतर जुन्या पट्टीची ॲप्स उघडणारच नाहीत. मयूरीनं ते दोनदा वाचलं आणि कपाळाला हात लावला. खाली सोप्यात तिचे सासरे त्याच जुन्या पट्टीवर बोट ठेवून शालनबाईंशी, म्हणजे तिच्या सासूशी, भांडत होते. भांडण आमटीच्या फोडणीवरून होतं आणि रंगात आलं होतं.

हिंदुराव म्हणजे सगळ्या गावाचे नाना. मयूरी मात्र त्या भागातल्या रीतीप्रमाणे सासऱ्यांना मामा म्हणायची आणि सासूला आत्या. पस्तीस वर्षं पंचक्रोशीतलं कुस्तीचं एकही मैदान नानांच्या आवाजाशिवाय झालं नव्हतं. हातात माईक, डोक्याला फेटा आणि चार पिढ्यांच्या पैलवानांची कुंडली तोंडपाठ. कोण कुणाचा पठ्ठ्या, कुणी कुणाला कुठल्या डावावर चितपट केलं, सगळं. एखादा गडी नुसती खडाखडी करत वेळ काढायला लागला, की नाना माईकवरून असा चिमटा काढायचे की बिचाऱ्याला डाव टाकण्यावाचून गत्यंतर उरत नसे. घरातही हाच कारभार. शालनबाईंच्या स्वयंपाकाचं जाहीर समालोचन शेजारच्या चार घरांना रोज फुकटात ऐकायला मिळे.

साडेचार वर्षांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं. हसू यायचं, राग तर जास्तच यायचा. पण शब्द डोक्यातून निघायचा आणि तोंडापर्यंत पोचायचाच नाही. लिहायला पाटी दिली तर अक्षरांचीही तीच गत. ज्या माणसाचा आवाज तीन कोसांवर जायचा, तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला.

मयूरी तेव्हा या घरात नवीन होती. कोल्हापुरात एका छोट्या कंपनीत ॲप बनवायचं काम करायची. डॉक्टरांनी बोलता बोलता एक गोष्ट सांगितली आणि ती तिनं धरून ठेवली. मेंदूतली भाषेची जागा निकामी झाली, तरी हाताच्या सवयी दुसरीकडे, खोल आत साठवलेल्या असतात. अंधारात आपण दाराची कडी नेमकी चाचपतो. ती कुठं आहे हे सांगता येत नाही, पण हाताला आठवतं. मग शब्दालाच हाताची वाट दिली तर? रोज तीच वाट, तीच वळणं. डोक्याला शब्द सापडला नाही तरी अंगठ्याला सापडेल.

त्यातून 'बोलपट्टी' झाली. स्क्रीनच्या तळाशी, चार-चारच्या दोन ओळींत, आठ चौकोनांची एक पट्टी. एक चौकोन दाबला की आणखी आठ उघडायचे, त्यातला एक दाबला की आणखी आठ. कुठलाही चौकोन जन्मात जागा सोडणार नाही, हा एकच नियम. 'पाणी' म्हणजे दुसरा, मग पहिला. 'शालन' म्हणजे पहिला, तिसरा, पाचवा आणि पुन्हा पहिला, जरा लांबचा रस्ता. 'हो' अंगठ्याच्या अगदी शेजारी, 'नाही' वरच्या ओळीच्या दूरच्या कोपऱ्यात. मैदानांच्या जुन्या ध्वनिफितींतून मयूरीनं नानांचा आवाज उचलून त्यात भरला, त्यामुळे नाना साधं पाणी मागायचे तरी वाटायचं आता मैदानात जोड लागणार.

तीन महिने डाव्या अंगठ्यानं धडपड केल्यावर त्यांचा पहिला शब्द बाहेर पडला. तो होता शिवी. 'राग' या चौकोनात मयूरीनं जपून चार सौम्य शब्द ठेवले होते, आणि तिच्या नवऱ्यानं, सूरजनं, फौंड्रीतून घरी आल्यावर गुपचूप पाचवा घातला होता. अख्ख्या घरानं टाळ्या वाजवल्या. शालनबाई तर रडल्याच. पुढं हे ॲप कर्णोपकर्णी झालं आणि महाराष्ट्रात चारेकशे घरांत अशी अबोल झालेली माणसं त्यावर बोलू लागली.

आणि आता ही पट्टीच चालणार नव्हती.

ओघ वाईट होता असं नाही. उलट, भल्याभल्यांनी तोंडात बोट घालावं असा तो शोध होता. बोट काचेला टेकायच्या आधीच फोनला त्याची चाहूल लागायची. आपल्या कातडीवर विजेचा अगदी क्षीण भार असतो. बोट हवेत असताना तो कुठून कुठं सरकतोय हे नवी काच टिपायची आणि त्यावरून, साधारण पाव सेकंद आधी, अंगठा कुठं निघालाय याचा अंदाज बांधायची. त्यात रोजच्या सवयींचा हिशेब मिसळायची. मग मेनूच उठून अंगठ्याखाली येऊन बसायचा. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात भला मोठा फोन असलेल्या माणसाला याचं सुख विचारा. लोक खूश होते, आणि त्यांचं चुकतही नव्हतं.

मयूरीनं तीन आठवडे मान मोडून काम केलं. पट्टी सोडवली, चौकोन सुटे केले आणि ओघाच्या हवाली केले. दिवाळी झाल्यावर नानांच्या फोनवर नवी आवृत्ती चढवली आणि श्वास रोखून समोर बसली. शालनबाईंनी विचारलं, चहा ठेवू का? नानांचा अंगठा हलला न हलला तोच फोन बोलला, "हो." पूर्वी याला चार सेकंद लागायचे. संध्याकाळपर्यंत नाना तिप्पट वेगानं बोलत होते. मयूरीनं वेगाचा आलेख काढला आणि तो पाहून तिला स्वतःचाच अभिमान वाटला. चारशे घरांतूनही कौतुकाचे निरोप आले.

घरात तर नंदनवनच अवतरलं. जेवण झालं की नाना म्हणायचे, "छान झालंय." औषध दिलं की, "हो." सूरजनं नवीन सोफ्याचा रंग दाखवला तर, "चालेल." फोडणीवरून भांडण नाही, आलेल्यागेलेल्याला टोमणा नाही. शालनबाई शेजारणीला कौतुकानं सांगायच्या, की चाळीस वर्षांच्या संसारात एवढं गोड कधी बोलले नव्हते, आता कुठं माणूस माणसात आला. मयूरीला जरा चुकल्यासारखं वाटायचं. मामांनी बरेच दिवसांत 'राग' उघडला नव्हता, आणि फोन बोलला की ते कधी कधी त्याच्याकडे असं पाहायचे जसं काही शेजारी बसलेलं दुसरंच कुणी बोललंय. पण घर सुखात असताना उगाच कुठं उकरून काढायचं, म्हणून ती गप्प राहिली.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी विलास मगदूम तीन माणसं घेऊन घरी आले. विलासराव पाणंद तालमीच्या मंडळाचे अध्यक्ष. ही तालीम म्हणजे नानांचं माहेर म्हणायला हरकत नाही. तिथल्या हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्यातली, तांबडी माती नानांच्या आजोबांनी आणलेली. दरवर्षी तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती मळायची, आणि नानांनी वयाच्या आठव्या वर्षी त्याच मातीत पहिली कुस्ती केली होती. विलासरावांचं म्हणणं असं, की आता पोरं मातीत उतरत नाहीत. हौदा बुजवावा, वर फरशी घालावी, व्यायामाची यंत्रं आणावीत. पाचही विश्वस्तांची संमती लागते. चौघांची झाली होती, पाचवे नाना. माणूस कपटी नव्हता. त्याला मनापासून वाटत होतं की यानं तालीम जगेल.

चहा झाला. एकानं मोबाईलवर चित्रीकरण सुरू केलं, रीतसर पुरावा म्हणून. विलासरावांनी सगळं नीट समजावून सांगितलं आणि अदबीनं विचारलं, "मग नाना, हौदा बुजवायला तुमची संमती हाय न्हवं?"

नानांचा अंगठा उचलला गेला. आणि फोनमधून तो मैदानी आवाज घुमला, "हो. चालेल."

मंडळी हात जोडून, नानांच्या पाया पडून, समाधानानं निघाली. नाना नकारार्थी मान हलवत होते, पण अर्धांगवायू झालेल्या माणसाची मान हलली तर तिच्याकडे कोण बघतं? त्यांचा अंगठा पुन्हा पुन्हा काचेवर आपटत होता, आणि फोन पुन्हा पुन्हा म्हणत होता, "हो. हो. चालेल. हो." शेवटी त्यांनी फोन अडकवलेला गळ्यातला पट्टा डाव्या हातानं ओरबाडून काढला आणि फोन सोप्याच्या कोपऱ्यात भिरकावून दिला. मयूरी पाण्याचे पेले गोळा करत होती. तिनं मामांकडे पाहिलं, तर त्यांच्या डोळ्यांतून खळाखळा पाणी वाहत होतं.

फोनची काच तडकली नव्हती. मयूरी तो घेऊन माडीवर गेली आणि आतली नोंद उघडली. ओघ प्रत्येक हालचाल लिहून ठेवायचा. विलासरावांनी विचारलं त्या क्षणी अंगठा निघाला होता दूरच्या कोपऱ्याकडे, जिथं चार वर्षं 'नाही' होतं. तो अर्ध्या वाटेवर असतानाच ओघानं सवयींचा हिशेब मांडला, 'हो' उचलून आणलं आणि अंगठ्याखाली ठेवून दिलं. मग ती मागं मागं जात राहिली. एका महिन्यात एक्केचाळीस वेळा अंगठा त्या कोपऱ्याकडे निघाला होता आणि एक्केचाळीस वेळा फोननं वाटेतच 'हो' म्हणून टाकलं होतं. जेवणाच्या वेळच्या आणखी सोळा नोंदी तिनं मोजल्या. मामा 'मीठ' म्हणायला निघाले होते. फोन म्हणाला होता, छान झालंय.

पण ओघ 'हो' शिकला कुठून? विचार करता करता तिच्या ध्यानात आलं, आणि तिला शरमेनं बसवेना. चार वर्षं सगळं घर नानांना काय विचारत होतं? चहा देऊ का? उशी देऊ का? पंखा लावू का? आता बरं वाटतंय का? आजारी माणसाला लोक मायेनं तेवढेच प्रश्न विचारतात, ज्यांचं उत्तर 'हो' असतं. भेटायला येणारे तर आणखी वरताण. ओघानं या घराची माया मोजली होती आणि ती नानांची इच्छा समजून बसला होता. त्याला माणसाचं नेहमीचं कळत होतं, आत्ताचं कळत नव्हतं. आणि तिनं महिनाभर बघितलं काय, तर वेग.

तिनं इतर घरांना फोन लावले. नाशिकच्या एका मुलीनं आनंदानं सांगितलं, आई हल्ली खूप शांत झाली आहे, कशालाच नको म्हणत नाही. तसंच आणखी दहा घरांतून ऐकल्यावर मयूरीनं पुढचे फोन केलेच नाहीत.

तिनं कंपनीला पत्र लिहिलं. ताबडतोब उत्तर आलं, यंत्रानं लिहिलेलं, की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. ओघ बंद करायची सोय नव्हती. जुनी आवृत्ती परत घालावी तर ती एकतीस तारखेला मरणार. वेग कमी करून पाहिला, सवयींचा हिशेब पुसून पाहिला. चार दिवसांत तो पुन्हा 'हो'वर यायचा, कारण प्रश्न तेच होते. नानांनी फोन गळ्यात घालायचं सोडलं होतं. पुन्हा भिंतीकडे तोंड. विलासरावांना सांगावं तर त्यांच्याकडे नानांच्याच आवाजातल्या होकाराची चित्रफीत होती. शालनबाईंना कळेना, इतकं सुरळीत चाललेलं असताना बिघडलं काय. मयूरीनं त्यांना सांगितलं नाही. मिठाचं तर मुळीच नाही.

तारीख उजाडली बावीस. दुपारी संभा आवळे आला. संभा म्हणजे मैदानातला हलगीवाला. नानांचा आवाज आणि संभाची हलगी ही जोडी तीस वर्षं सगळीकडे बरोबर गेलेली. दर महिन्याला तो यायचा, नानांशेजारी बसायचा, गावगप्पा करायचा. त्या दिवशी नाना वळलेच नाहीत, तेव्हा त्यांना खुलवायला म्हणून त्यानं खिशातून स्वतःचा फोन काढला. नातीनं त्याला हलगीचं ॲप घालून दिलं होतं. काचेवर गोल हलगी. दोन बोटांनी तो वाजवायला लागला. मध्यभागी घुमायची, कडेला टणटणायची. कुस्ती सुरू व्हायच्या आधीचा ठेका त्यानं धरला, आणि नानांचा डावा पाय चादरीखाली हलायला लागला.

मयूरी चहा घेऊन आली आणि ट्रे हातात तसाच धरून उभी राहिली. संभाचा फोन नवा होता. त्यावर ओघ होता. मग ही हलगी जागची हलत कशी नव्हती?

तिनं त्याला विचारलं, वाजवताना कड कधी सरकते का, मधला भाग बोटाखाली येतो का. संभानं तिच्याकडे असं पाहिलं की पोरीला ऊन लागलंय की काय.

"ताई, हलगीची कड उद्या उजवीकडची डावीकडं गेली तर मी वाजवू काय? कपाळ?"

ट्रे स्टुलावर ठेवून मयूरी जिना धडाधडा चढली. कंपनीची नियमावली तीनशे पानांची होती. आजवर तिनं मेनूचं प्रकरण पाठ केलं होतं, वाद्यांचं उघडलंही नव्हतं. तिथं दोन ओळी होत्या. ज्या ॲपमध्ये वापरणाऱ्याची बोटं जागा पाठ करून आवाज काढतात, ते वाद्य समजावं. वाद्याच्या पट्ट्यांना ओघ लागू नाही. बरोबरच होतं. पट्ट्या फिरणारी पेटी कोण वाजवणार?

त्याच संध्याकाळी तिनं जुनी आठ चौकोनांची पट्टी परत जागच्या जागी बसवली, ॲपचा प्रकार बदलून 'वाद्य' असा लिहिला आणि मंजुरीसाठी पाठवून दिलं. तीन दिवसांनी कंपनीकडून विचारणा आली. हे वाद्य आहे असं वाटत नाही, वाजवून दाखवता का?

सत्तावीस तारखेला दुपारी तीनची वेळ ठरली. आता नानांना सगळं सांगणं भाग होतं. मयूरी त्यांच्या उशाशी बसली आणि तिनं काही न लपवता सांगितलं, एक्केचाळीस वेळांसकट. चूक माझी आहे, मामा, असं म्हणाली. मी तुमचं बोलणं मोजलं, ऐकलं नाही. नाना तिच्याकडे वळले. मग त्यांनी डावा हात पुढं केला आणि तळवा उघडला. तिनं त्यात फोन ठेवला.

ठरल्या दिवशी नाना फेटा बांधून बसले. शालनबाईंनीच बांधला. संभा खरी हलगी शेकवून घेऊन आला. पडद्यावर बंगळुरूची एक परीक्षक बाई होती. हिंदीत बोलत होती, सभ्य होती, पण तिला दिवसाला अशी साठ ॲप्स तपासायची होती. तिनं सुरू करा म्हटलं. संभानं ठेका दिला आणि नानांचा अंगठा चौकोनांवरून निघाला. एक एक शब्द यायचा, मध्ये संभा जागा भरायचा, पुन्हा शब्द. "माती. तांबडी. आडवळे. पैलवान." हलगी. "या. या. या." चार वर्षांत पहिल्यांदा त्या सोप्यात मैदान उभं राहिलं. संभाचे डोळे भरून आले, पण हात थांबला नाही.

बाई म्हणाली, छान आहे, पण हे तर बोलणं झालं, वादन नव्हे. मयूरीनं वाद घातला नाही. तिनं दुसरा फोन उचलला, ज्यावर ओघाची आवृत्ती अजून होती, आणि तो मामांच्या गळ्यात अडकवला. मग बाईंना विनंती केली की यांना काहीही विचारा. बाईनं विचारलं, तुम्हाला मराठी सोडून दुसरी भाषा येते का? फोन म्हणाला, हो. तुम्ही कधी विमान चालवलंय का? हो. हे ॲप बंद करून टाकू का? नानांचा अंगठा काचेवर तडफडत होता आणि त्यांचाच आवाज ठणकावून सांगत होता, "हो. चालेल."

पडद्यावरच्या बाईनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, तो फोन काढून घ्या.

"वाजवणाऱ्याच्या बोटांना जागा पाठ असाव्या लागतात," मयूरी म्हणाली. "तुमच्या नियमात वाद्याचा एवढाच अर्थ लिहिलाय. मामांनी चार वर्षं रियाज केलाय."

मंजुरी एकोणतीस तारखेला आली. बोलपट्टी आता ॲपच्या दुकानात तबला, पेटी आणि सनईच्या रांगेत बसली होती. त्या बाईनं खाली स्वतः एक ओळ लिहिली होती, की ओघाच्या पुढच्या आवृत्तीत अशा ॲप्ससाठी वेगळी सोय हवी, हे तिनं वरच्यांना कळवलंय. मयूरीनं चारशे घरांना नवी आवृत्ती पाठवली, आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी. महिनाभर तुमच्या माणसानं दिलेले होकार कृपया पुन्हा विचारून घ्या. आणि दिवसातून एकदा तरी असा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही.

रविवारी सूरज नानांना गाडीत घालून तालमीत घेऊन गेला. मयूरीही गेली. विलासरावांनी फरशीचे नमुने मागवून ठेवले होते आणि हौद्याच्या काठावर ते ओळीनं मांडले होते. नानांनी आधी सूरजच्या आधारानं हौद्यापर्यंत जाऊन चिमूटभर माती उचलली आणि कपाळाला लावली. मग खुर्चीवर बसले. विलासरावांनी नमस्कार केला आणि विचारलं, "काय नाना, पसंत हाय का फरशी?"

अंगठा निघाला. दूरच्या कोपऱ्याकडे, आपल्या चालीनं. या खेपेला वाटेत कुणी आलं नाही.

"नाही," तालीम दणाणली. "माती. राहील."

विलासराव गोंधळले. चित्रफीत आहे म्हणाले, तुम्हीच हो म्हणालात. मयूरीनं पुढं होऊन सगळा प्रकार सांगितला. त्यांना तो निम्मा पटला, निम्मा नाही. ते पुन्हा पोरांचं, यंत्रांचं सांगायला लागले, तेव्हा नानांनी 'राग' उघडला आणि पाचवा चौकोन दाबला. पस्तीस वर्षांच्या मैदानी आवाजात ती शिवी अशी काही घुमली, की कोपऱ्यात जोर मारणारे दोघं पैलवान पोट धरून खाली बसले. विलासराव आधी लालबुंद झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. आता खात्री पटली म्हणाले, हे नानाच. यंत्रांची खोली माडीवर करायचं ठरलं, हौदा खाली जसाच्या तसा. शिवाय नानांनी दर रविवारी येऊन पोरांना डाव सांगायचे, सावकाश का होईना. नानांना त्यावर विचार करायला एक मिनिट लागलं, आणि सगळे थांबले. मग ते हो म्हणाले.

त्या रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र घेतलं. शालनबाईंनी तांबडा रस्सा केला होता. नानांनी भाकरी कुस्करली, रस्सा ओतला, पहिला घास घेतला. मयूरीचा हात तिच्या ताटावरच थांबला. अंगठा चौकोनांवरून निघाला.

"मीठ. कमी."

शालनबाईंनी पळी भांड्यात आपटली. उठल्या, मिठाची बरणी आणली, दणकन ताटाशेजारी ठेवली. "महिनाभर तर छान छान म्हणत होता की. ते काय होतं मग?"

सूरजनं मयूरीकडे पाहिलं. मयूरीनं खाली बघितलं. आता सांगावंच लागणार, असं वाटून तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात नानांनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांनी चिमूटभर मीठ घातलं, ढवळलं, एक घास खाल्ला, आणि पुन्हा फोन धरला. पहिला चौकोन. तिसरा. पाचवा. पुन्हा पहिला. लांबचा रस्ता होता. भाकरी गार होत होती. कुणीही त्यांच्या वतीनं शब्द पुरा केला नाही.

"शालन."

आणखी थोडा वेळ गेला.

"रस्सा. छान."

शालनबाईंचं तोंड चुलीकडे होतं. पदराचं टोक त्यांनी डोळ्यांना लावलं, ते धुरानं की कशानं कोण जाणे, गॅसच्या चुलीला धूर कुठला असायला. वळून न बघताच त्यांनी विचारलं, "हे कोण म्हणालं? तुम्ही का तो मोबाईल?"

पट्टीच्या अगदी शेवटी एक चौकोन होता. चार वर्षांत तो क्वचितच दाबला गेला होता, म्हणून ओघानं तो एकदाही पुढं आणला नव्हता. नानांचा अंगठा सगळी पट्टी ओलांडून तिथवर गेला.

"मी."

शालनबाईंनी गरम भाकरी तव्यावरून काढली आणि त्यांच्या ताटात वाढली.